गुंडेरावांचा लंच

गुंडेरावांना नवा इंग्रजी शब्द सापडला की आमच्या गल्लीतली शहाणी माणसं आपापल्या वस्तू आत घेऊन ठेवत. शब्द नुसता ठाऊक असणं गुंडेरावांना मंजूर नव्हतं. तो वापरून बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे, आणि वापरायला लागणारं सामान नेमकं दुसऱ्याच्या घरी असे. 'ब्रेक' हा शब्द कळला त्या दिवशी त्यांनी गल्लीतल्या वकिलांची सायकल मागून नेली. सायकल त्यांना चालवता येत नव्हती, पण ते शिकायची त्यांना गरजही वाटली नाही. "मला चालवायची न्हाई, थांबवायची हाय," असं म्हणून ते बाजाराच्या उतारावरून निघाले आणि एका चिंचवालीच्या पाटीत जाऊन थांबले. चिंचवाली ओरडत होती, वकील कपाळाला हात लावून उभे होते आणि गुंडेराव चिंचेत बसून सगळ्यांना सांगत होते, "लागला बरं का! ब्रेक बराबर लागला!"

ही गोष्ट लातुरातली, निजामाच्या राज्यातली. कचेरीचा सगळा कारभार उर्दूत चाले आणि सुट्टी शुक्रवारी असे. गुंडेराव अर्जनवीस होते. तहसील कचेरीसमोरच्या कडुलिंबाखाली सतरंजी टाकून, पुढ्यात लिहायची उतरती लाकडी पेटी घेऊन बसायचे. निलंगा, अहमदपूर, देवणी, कुठकुठले शेतकरी यायचे, आपल्या बोलीत बांधाचं भांडण सांगायचे आणि गुंडेराव ते झोकदार उर्दूत उतरवून द्यायचे. देवणीकडचा माणूस तापला की मधेच कानडीत शिरायचा. गुंडेराव तिथंही त्याच्या मागोमाग जायचे आणि त्याला धरून परत आणायचे.

मी त्याच कचेरीत नवानवा कारकून लागलो होतो. नुकतंच लग्न झालेलं आणि बिऱ्हाड गुंडेरावांच्या दारासमोर. त्यामुळं त्यांच्या प्रत्येक शब्दाचा पहिला फटका मला बसे.

"वामन, मतलब कळणं म्हंजे निम्मं काम," ते मला सांगायचे. "मतलब पोपटाला बी सांगता येतो. इस्तेमाल कुठं हाय? इस्तेमाल दाखव!"

गुंडेराव एकटेच राहायचे. लग्न झालं नव्हतं, भाऊबंद कुठं निजामाबादेकडं होते म्हणे. स्वतः रांधायचे, स्वतः जेवायचे, आणि भांडी घासताना शब्द पाठ करायचे. पण त्यांना एकटं म्हणायचं कुणाच्या मनात आलं नसतं, कारण गावात पंगत बसली आणि गुंडेराव तिथं नाहीत, असं कधी झालंच नव्हतं.

इथं आमच्याकडची रीत सांगायला हवी. आमच्याकडं जेवायचं आवतन आदल्या दिवशी येतं, पण आवतन आलं म्हणून कुणी उठून जेवायला जात नाही. तसं जाणारा माणूस हावरा. दुसऱ्या दिवशी स्वयंपाक होतो, पानं वाढली जातात, आणि मग यजमानाकडचं माणूस दारोदार बोलवायला येतं. ते दारात उभं राहून नावानं हाक मारतं, तेव्हा कुठं पाहुणा "अरे हो, विसरलोच होतो," असा चेहरा करून उठतो. सकाळपासून त्याच्या पोटात कावळे ओरडत असतात ती गोष्ट वेगळी.

आमच्या भागात ही हाक मारायचं काम गुंडेरावांचं. त्यांचा आवाज खणखणीत होता. उपरणं सावरत, उन्हातून झपाझप चालत ते यायचे, उंबऱ्याबाहेर उभे राहायचे आणि म्हणायचे, "दामोदरपंत, पानं वाढली, चलाऽऽ!" कुणाला आधी बोलवायचं, कोण कुणाशेजारी बसत नाही, कोणत्या घरी दोनदा हाक मारल्याशिवाय म्हातारा उठत नाही, हे सगळं त्यांच्या तोंडपाठ. सगळ्यांना बोलावून आणायचे, बसवायचे, भात फिरवायचे आणि शेवटी आचाऱ्यांबरोबर चार घास खाऊन घरी जायचे. त्यांना आवतन द्यायची गरज कुणालाच वाटायची नाही. गुंडेराव म्हणजे घरचेच.

तर अशा गुंडेरावांना एका थंडीत 'लंच' हा शब्द भेटला.

गावाबाहेर एक नवी जिनिंग फॅक्टरी निघाली होती आणि तिचं इंजिन बसवायला एक इंग्रज साहेब येऊन राहिला होता. गुंडेराव काही कामानं तिकडं गेले, तर दारावरचा चपराशी म्हणाला, "साहेब लंचला गेले."

"लई लांब हाय का?" गुंडेरावांनी विचारलं. "मुक्कामाला गेले, का आज येतील?"

चपराशालाही ठाऊक नव्हतं. गुंडेराव धापा टाकत वकिलांकडं आले. वकिलांनी सांगितलं की लंच हे गाव नसून दुपारचं जेवण आहे.

"दुपारचं जेवण?" गुंडेरावांचे डोळे चमकले. "मग मी तर रोजच करायलोय की!"

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी लिंबाखाली भाकरीचं फडकं सोडलं आणि कचेरीतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, "बसा, लंच चाललाय." पण संध्याकाळी मिडल स्कूलचे मास्तर भेटले आणि म्हणाले, "तसं नव्हे हो. लंच म्हणजे हलकं खाणं. तुम्ही तीन भाकऱ्या खाता." मग गुंडेरावांनी अर्ध्या भाकरीवर लंच सुरू केला. तिसऱ्या प्रहरी त्यांच्या डोळ्यांपुढं काजवे चमकायला लागले आणि त्या भरात एका अर्जात त्यांनी फिर्यादीलाच आरोपी करून टाकलं. तो बिचारा कोर्टात स्वतःविरुद्ध तक्रार घेऊन उभा राहिला.

त्यानंतर कुणीतरी सांगितलं की लंच जमिनीवर बसून होत नाही, मेज लागतं. गुंडेरावांकडं मेज म्हणजे ती लिहायची पेटी, आणि ती उतरती. वरणाची वाटी वर ठेवली ती सरळ खाली आली आणि अहमदपूरच्या एका पाटलाच्या अर्जावर पसरली. पाटील म्हणाला, "आवो मुन्शी, मी विहिरीच्या पाण्याबद्दल लिवा म्हनलो व्हतो!"

शेवटी त्यांनी मुळाशीच जायचं ठरवलं. साहेबाचा बबर्ची चांदखान आठवड्याच्या बाजाराला यायचा. गुंडेरावांनी त्याला लिंबाखाली बसवलं, पान दिलं आणि मला साक्षीला बोलावलं.

"सच बताव चांदखान, लंच म्हंजे हाय तरी काय? मेज लागतंय का? हलकं लागतंय का?"

चांदखान पान चघळत विचारात पडला. "मेज का कुछ नै, मुन्शीजी. मैं बताऊं क्या? हमारा साब रोज अकेला खाता. तब मेरेकू बोलता, चांद, खाना लाव. मेमान आया तो बोलता, चांद, आज लंच है. अकेले आदमी का लंच नै होता."

मला वाटलं होतं गुंडेराव नेहमीसारखे उसळतील, मांडीवर थाप मारतील. त्यांनी फक्त "असं हाय होय" म्हटलं आणि दौतीचं झाकण लावायला घेतलं. ते बराच वेळ लावतच होते.

पण नशीब बघा! आठच दिवसांत तो साहेब स्वतः लिंबाखाली येऊन उभा राहिला. इंजिनाला पाणी लागत होतं, नाल्यावरून नळ आणायला तहसिलीची परवानगी हवी होती आणि त्याचे अर्ज दोनदा परत आले होते. गुंडेरावांनी त्याला असा काही अर्ज लिहून दिला की तहसीलदारसाहेबांनी तो आधी मोठ्यानं वाचून दाखवला आणि मगच सही केली. साहेब खूष झाला. टोपी काढून त्यानं आपल्या मोडक्या हिंदुस्थानीत विचारलं, "मुन्शी, जुम्मा का दिन हमारा साथ लंच करेगा? एक बजे?"

गुंडेराव तडक माझ्या टेबलाशी आले. कचेरीत शिरताना जोडे काढायचेही विसरले. "वामन!" त्यांचा आवाज फुटत होता. "आवतन! मला आवतन! लंचचं!"

तो आठवडा काय सांगावा! गल्ली नुसती उधाणली होती. बाटण्याचा प्रश्न निघाला, तो साहेबानंच सोडवला. काय चालेल ते चांदखानाला सांगा, असा त्याचा निरोप आला. केळी, दूध आणि खारका ठरल्या आणि तकरार मिटली. मास्तरांनी चमचा धरायला शिकवलं. चमचा कुणाकडं नव्हता म्हणून आमच्या देवघरातली पळी गेली. गुंडेराव पळीनं केळं कापायचा सराव करायचे आणि केळं उडून समोरच्या ओट्यावर पडायचं. वकिलांनी आपला काळा कोट दिला. चिंचवालीनंसुद्धा जाताजाता विचारलं, "मुन्शी, त्यो साहेब तुमाला सायकल तर देनार न्हाई न्हवं?"

शुक्रवार उजाडला. गुंडेरावांनी सकाळपासून तोंडात पाणीही घेतलं नव्हतं. अकरालाच ते तयार होऊन आपल्या ओट्यावर बसले. धुतलेलं धोतर, वकिलांचा कोट, डोक्याला रुमाल, पायात कोरे जोडे. गल्लीतले ओटे माणसांनी भरून गेले होते. बायका दारांआडून बघत होत्या. कुणीतरी अत्तराचा फाया आणून त्यांच्या कानात घातला.

बारा वाजले. सव्वाबारा वाजले. फॅक्टरीपर्यंत चालत पाऊण तास. मी म्हटलं, "गुंडेकाका, निघा की आता."

"निघू कसा?" ते म्हणाले. "बोलावणं कुठं आलंय?"

मला आधी वाटलं, थट्टा करतायत. "अहो, साहेबानं एक वाजताचं सांगितलंय ना?"

"ते आवतन. आवतन आलं, त्याची ना न्हाई. पण पानं वाढली म्हणून कोणी आलंय का? बिनबोलावता जायला मी काय भुकेला हाय?"

"इंग्रजांत बोलवायला येत नाहीत, काका. तुम्ही आपलं आपण जायचं असतं."

"का? त्यांच्यात माणसं माणसाला बोलवत न्हाईत?"

मास्तरांनी सांगून पाहिलं, वकिलांनी सांगून पाहिलं. गुंडेराव जागचे हलले नाहीत. मला राग आला होता, खोटं का सांगू! आठवडाभर हा माणूस त्या एका शब्दासाठी आम्हा सगळ्यांना नाचवतो आणि ऐन वेळी रीत काढून बसतो. वकील म्हणाले, "हट्टी आहे झालं," आणि जेवायला निघून गेले. मग हळूहळू सगळेच आपापल्या घरी जेवायला गेले. गुंडेराव मान वळवून फॅक्टरीच्या रस्त्याकडं बघत होते. त्यांचा चेहरा मला दिसला आणि मी वकिलांची सायकल काढली. मला ती चालवता येत होती.

फॅक्टरीत पोचलो तेव्हा दोन वाजत आले होते. बंगल्याच्या व्हरांड्यात मेज मांडलेलं होतं. पांढरी चादर, केळ्यांचा घड, जाळीनं झाकलेलं दुधाचं भांडं आणि समोरासमोर दोन खुर्च्या. चांदखान जुम्म्याच्या नमाजाहून नुकताच परतला होता आणि त्या मेजाकडं बघत उभा होता. साहेब मात्र इंजिनाशी होता. पट्टा तुटला होता, बाया-माणसं खोळंबली होती, आणि तो एका हातात पान्हा नि दुसऱ्या हातात पावाचा तुकडा धरून उभ्याउभ्या खात होता.

मी त्याला सगळं सांगितलं.

"हम समझा, उसका धरम का बात है," तो म्हणाला. "इसलिए नहीं आया. हम आदमी भेजेगा, तो उसको शरम होगा. इसलिए नहीं भेजा." मग पान्ह्यानं इंजिनाकडं खूण करून तो म्हणाला, "आज नहीं हो सकता. उसको बोलो, नेक्स्ट जुम्मा. हम आदमी भेजेगा."

चांदखाननं कपाळावर हात मारला. "मैं रहता तो दौड के जाता, बाबूजी! मेरेकू नै मालूम क्या, बुलावा लगता करके!"

मी परत निघालो. साहेबाची चूक नव्हती, गुंडेरावांचीही नव्हती. एकानं मान राखावा म्हणून बोलावलं नाही आणि दुसरा मान राखावा म्हणून गेला नाही. पण हे गुंडेरावांना सांगायचं कसं, तेच मला कळेना. सायकल घराकडं जसजशी येत होती तसतसा माझा वेग कमी होत होता.

गल्ली सामसूम होती. गुंडेरावांचा ओटा मोकळा होता आणि दार लोटलेलं. मी आधी आमच्या घरात शिरलो. आमची मंडळी, म्हणजे कावेरी, चुलीपाशी होती.

"आला का साहेबाचा माणूस?" तिनं विचारलं.

"नाही. येणार नाही आता."

ती उठली, दोन पाट मांडले, दोन पानं घेतली. तिचंही जेवण राहिलं होतं, माझंही. "भाकरी हाय, वांगं हाय, वरण टाकलंय," ती म्हणाली. "जावा तुम्ही."

"बरं. सांगतो त्यांना, इकडंच जेवा म्हणून."

"सांगू नका," कावेरी म्हणाली. वीस वर्षांचीही नव्हती ती तेव्हा, पण माझ्याकडं अशी बघत होती की मीच लहान वाटलो. "सांगायचं न्हाई त्यांना. बोलवा. नावानं. दारातून."

मी बाहेर आलो. खांद्यावर उपरणं टाकलं. गल्ली ओलांडून गुंडेरावांच्या उंबऱ्याबाहेर उभा राहिलो. रोज मी त्या घरात मांजरासारखा आतबाहेर करत असे, पण त्या दिवशी उंबऱ्यावर पाय ठेवायचा मला धीर झाला नाही. घसा साफ केला आणि म्हटलं, "गुंडेराव, पानं वाढली, चला."

आतून कोटाची सळसळ तेवढी ऐकू आली. मग गुंडेरावांचा आवाज आला, अगदी हळू.

"पुन्हा म्हण."

मी छाती भरून श्वास घेतला आणि ओरडलो, "गुंडेराव, पानं वाढली, चलाऽऽ!" पलीकडच्या घरातून मास्तर झोपेतून उठून बाहेर आले. वकिलांची खिडकी उघडली. मला कुणाचीच पर्वा नव्हती.

दार उघडलं. गुंडेराव तसेच तयार होते, रुमाल, कोट, जोडे, सगळं. डोळे मात्र तांबडे झाले होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. गल्लीकडं बघून, सगळ्यांना ऐकू जाईल असं त्यांनी विचारलं, "कोणाकडची पानं?"

"आमच्याकडची."

"किती हाईत?"

"दोन."

त्यांनी मान हलवली. दाराला कडी घातली, रुमाल सारखा केला आणि माझ्या मागं न येता बरोबरीनं चालत आले. दहा पावलांचा तो रस्ता, पण ते असे चालले की सगळ्या लातूरनं बघावं.

आम्ही समोरासमोर बसलो. साहेबाचा निरोप मी जेवताजेवताच सांगितला. "पाठवू दे माणूस," ते म्हणाले. "पाठवला तर जाईन." मग वांग्याची भाजी दोनदा मागून घेतली. कावेरी वाढत होती, मी आपला उगाच कचेरीतलं काहीबाही बोलत होतो, आणि बाहेर मास्तर अजून ओट्यावर उभेच होते.

मधेच गुंडेरावांचा हात पानावर थांबला.

"जन्मभर लोकांच्या दाराबाहेरून ओरडलो, वामन," ते म्हणाले. "ते आतून कसं ऐकू येतंय, मला ठाऊकच नव्हतं."

मी विचारलं, "कसं येतं?"

"जवळून येतंय रे," गुंडेराव म्हणाले. "लई जवळून."

कावेरीनं त्यांच्या वरणावर तुपाची धार धरली. दुसऱ्याच्या घरी जेवताना माणूस पहिल्या थेंबालाच हात आडवा धरतो. गुंडेरावांनी धरला नाही. ती वाढत राहिली आणि ते खाली मान घालून बघत राहिले.